परक्या रक्ताचं माप

कालोलेनी, ३ मार्च

चि. कहिंदी यास उमाझीताईचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या प्रयोगशाळेचा निरोप आला. नेवूच्या रक्तातलं कसलंसं प्रथिन निम्मंच भरलं, म्हणून मूत्रपिंडाचं नवं औषध तिला देणार नाहीत. तुझे भाऊजी म्हणतात, मामा खुद्द यंत्रावर बसलेला आणि भाचीच दाराबाहेर. मी म्हटलं, तो पहिल्यापासून असाच, घरच्यांना सगळ्यात शेवटी वाढणारा. चेष्टा राहू दे. पोरीचे पाय सुजलेत, उकडलेला कसावाचा कंदसुद्धा खाववत नाही. आपल्या आईचं नाव ठेवलंय तिला, आईचं काम समजून एकदा पुन्हा मोज.

तुझी ताई

नैरोबी, १९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पुन्हा मोजलं. चूक आमची आहे. यंत्र प्रथिनाचे तुकडे करतं आणि त्यातला एक ठरलेला तुकडा वजनावरून ओळखतं. तो किती आहे हे कळावं म्हणून तसलाच, किंचित जड केलेला तुकडा आम्ही मापून मिसळतो आणि दोन्ही ताडून बघतो. हे माप परदेशातल्या लोकांच्या रक्तावरून बेतलंय. नेवूच्या निम्म्या प्रथिनात तो तुकडा जरासा वेगळा निघाला. वजन जुळेना, म्हणून यंत्राने तो धरलाच नाही. तिचं प्रथिन पुरेपूर आहे, ताई.

साहेबांशी भांडलो. ते म्हणतात, नवं माप बनून पारखलं जाईपर्यंत आकडा बदलता येत नाही. नियमच तसा आहे. तिला धीर दे, भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा कहिंदी

नैरोबी, २७ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

नेवूच्या मातीला आलो होतो, पण तुझ्यासमोर यायचं धैर्य झालं नाही. बायकांचं रडणं ऐकत नारळाच्या झाडांपाशी उभा राहिलो आणि तसाच परतलो.

नवं माप आलं. जपून ठेवलेल्या रक्तावर नेवूचा आकडा पूर्ण भरला. साहेबांनी माझी पाठ थोपटली, तेव्हा थोबाडीत बसल्यासारखं झालं.

आता लिहायला हात धजत नाही. हे माप पारखून पक्कं करायला असाच तुकडा असलेलं आणखी रक्त लागतं. नेवूला तो तुझ्याकडून तरी आला असेल, नाहीतर भाऊजींकडून. आणखी तीन मुलं याच कारणाने औषधावाचून बसलीत. दोघं रक्त द्याल का?

कहिंदी

कालोलेनी, ८ जुलै

चि. कहिंदी यास आशीर्वाद.

रक्त देऊ. तुझे भाऊजी नको म्हणत होते. परक्यांच्या मापाने आमची पोर निम्मी ठरवली, आता माप सुधारायलाही आमचंच रक्त हवं का, असं ते विचारत होते. मी त्यांना गप्प केलं. त्या तीन पोरांच्या आयांनी माझं काय वाकडं केलंय?

मात्र सुई घेऊन दुसऱ्या कुणाला पाठव, तू येऊ नकोस. तिचा आकडा पुरा आहे हे तुला मार्चातच ठाऊक होतं. तरी तू नियमाची वाट बघत बसलास, आणि इकडे पोर तुझी वाट बघत होती.

लोभ आहेच. तो वाढावा, असं मात्र यंदा लिहवत नाही.

उमाझी