फळ्या संपल्या तिथे

प्रिय चाचा,

सलाम.

काल संध्याकाळी आम्ही समुद्रावरून परत आलो. आज सकाळी चाची वसतिगृहाच्या फाटकाशी आल्या. "पोचलास का रे पाण्यापर्यंत?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हणालो. "कसा?" म्हणाल्या, तर मला काही सांगता येईना. तेव्हा त्या म्हणाल्या, "मला नको सांगू. त्यांना सांग." म्हणून लिहितो आहे.

तुम्ही गेल्यावर मी रडलो नाही, हे खरं आहे. बातमी आली तेव्हा मी सुतारशाळेत फळीवर रंधा मारत होतो. ती फळी पूर्ण केली. मग दुसरी घेतली. अजूनही तसंच चाललं आहे. जेवतो, झोपतो, काम बरोबर करतो. गुरुजी म्हणतात, "सदाशिव, तू बरा आहेस ना?" मी बरा आहे म्हणतो. दुसरं काय म्हणू?

माझी शाळा सातवीत सुटली. पण तोवर वरच्या मजल्यावरच्या वर्गात मला रोज कोणी नेऊन बसवलं? खाली तुमचा टांगा उभा, राणी घोडी मान झटकते आहे, आणि मी तुमच्या पाठीवर! माझे पाय पोलिओनं गेले, ते मला आठवतही नाही. आठवते ती तुमची काळी टोपी. मला जे काही दिसायचं ते तिच्यावरून दिसायचं. आधी टोपी, मग नगर शहर.

समुद्र बघायचं खूळ माझंच. वसतिगृहातली सहाही मुलं मागे लागली. तुम्ही लगेच म्हणालात, "त्यात काय? एकेकाला पाठीवर घेतो आन् पाण्यात नेऊन सोडतो."

मी म्हणालो, "चाचा, मला उचलून नको. आपलं आपण जायचंय."

तुम्ही राणीचा पट्टा आवळायला लागलात. पट्टा सैल नव्हता. तुम्हाला वाईट वाटलं होतं का? मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत.

मग सुतारशाळेत मी सायकलची चाकं लावून खुर्ची केली. सीना नदी त्या दुष्काळात कोरडी ठणठणीत होती, म्हणून तिच्या वाळूत खुर्ची तपासायला गेलो. चाकं आसापर्यंत रुतली! तुम्ही काठावर बसून किती हसलात! "शेट, गाडी फसली. या आता पाठीवर!" मी आलो नाही. तिथेच बसून विचार केला आणि फळ्या सुचल्या. खोक्यांच्या फळ्या, भोकं पाडून दोरीनं ओवलेल्या. चटईसारख्या गुंडाळायच्या आणि वाळूवर पसरायच्या. एकदा केल्या की समुद्रावरच ठेवायच्या, म्हणजे पुढे कोणाही लंगड्यापांगळ्याला पाण्यापर्यंत जाता येईल.

लाकडाला आणि प्रवासाला पैसे हवे होते. तुम्ही टांग्यात डबा टांगलात. त्यावर 'अपंग मुलांच्या समुद्रवाटेसाठी' असं मी रंगानं लिहिलं आणि तुम्हाला वाचून दाखवलं. "लई लांब नाव हाय," तुम्ही म्हणालात. आणि जाहीर करून टाकलंत, की जुम्म्याच्या नमाजानंतरच्या सगळ्या फेऱ्यांचं भाडं डब्यात!

माळीवाड्याच्या स्टँडवरचं ते धोतरवालं गिऱ्हाईक आठवतं? "मियाँ, हितं प्यायला पानी न्हाई आन् ह्यांना समुद्र पायजे व्हय?"

"प्यायला न्हाई मागत पाटील, बघायला मागतात. बघितल्यानं आटत न्हाई."

पाटील टांग्यातून उतरले, दोन पावलं गेले, परत आले आणि डब्यात पैसे टाकून निघून गेले. तुम्ही मला डोळा मारलात.

सिनेमाच्या थिएटरमालकाकडे एका खेळाचं उत्पन्न मागायला गेलो. त्यांचं ऑफिस वर होतं. तुम्ही मला पाठीवर घेऊन चढलात आणि मध्येच थांबलात. "दम लागला का चाचा?" "छ्या! तू लठ्ठ झालायस." छातीत दुखत होतं, हे तेव्हा का नाही सांगितलंत? चाचींनाही नाही, डॉक्टरलाही नाही! मालकांनी खेळ दिला. तो लागायच्या आधी तुम्ही गेलात.

आता समुद्राचं सांगतो.

अलिबागच्या बाजूचं एक लहान गाव होतं. सकाळी पोचलो. गावातल्या पोरांनी फळ्या पसरल्या. मी खुर्चीत बसून, स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत निघालो. एकही फळी डगमगली नाही. आणि फळ्या संपल्या! पाणी अजून कितीतरी लांब होतं. भरती-ओहोटी हे शब्द मला लिहिता येतात चाचा, पण पाणी एवढं मागे जातं हे आम्हा नगरच्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं! नदी अशी कुठे मागे जाते?

गुरुजी म्हणाले, "चल, उचलतो." गावातल्या जवान पोरांनी बाकीच्यांना केव्हाच खांद्यावर घेतलं होतं. ती ओरडत, हसत गेली. मी नको म्हणालो. मागे वळून पाहिलं. कोणाला पाहत होतो, तुम्हीच सांगा.

एक कोळीण टोपली घेऊन चालली होती. म्हणाली, "का रं पोरा, हितंच का बसलास?"

"फळ्या कमी पडल्या."

"मग बस गप. तू कशाला जातंस? पानीच येल."

मी बसून राहिलो. ऊन चढलं. पाणी सरकत सरकत आलं, आधी शेवटच्या फळीखाली, मग माझ्या पायांवर. माझे पाय चालत नाहीत, पण त्यांना कळतं सगळं. गार लागलं. तुम्ही गेल्यापासून मला पहिल्यांदा काहीतरी लागलं. वर पाहिलं, तर सगळीकडे समुद्रच. मध्ये टोपी नव्हती.

मी आपला आपण पोचलो, चाचा. हवं होतं तसंच. तरी मी मान थोडी बाजूला करून बघत होतो, सवयीनं.

फळ्या तिथल्या शाळेच्या पडवीत ठेवून आलो आहे. गुरुजींनी डबा परत टांगायचं ठरवलं आहे, दुसऱ्या टांग्यात. चाचींचे गुडघे आता साथ देत नाहीत आणि समुद्र त्यांनीही पाहिलेला नाही. मी वचन देतो. पुढच्या हिवाळ्यात वाट लांब करीन आणि माझ्या खुर्चीत बसवून त्यांना पाण्यापर्यंत पाठवीन. उचलायला कोणालाही सांगणार नाही. मी आधीच खुर्चीतून जाऊन, खुर्ची मागे पाठवून, फळ्या संपतात तिथे वाळूवर बसलेला असेन. आणि ओहोटीची वेळ या खेपेला आधी विचारून घेईन.

तुमचा लठ्ठ झालेला,
सदाशिव