चार वडीलधारे आणि एक माफी

आदरणीय विसालताई,

धाकट्या रातिबचे तुझ्या दोन्ही हातांना सलाम. अकाबाच्या उन्हात तुझे गुडघे काय म्हणताहेत? भाऊजींची साखर आटोक्यात आहे ना? आणि तुझा लेक, आपला मुहन्नद? (त्याचं वजन, दाढी, नोकरी, सगळं सविस्तर कळव.) इकडे इर्बिदला आम्ही सुखरूप आहोत, म्हणजे अजून कुणी कुणाला मारलेलं नाही.

आमच्या शिवणकारखान्याच्या मालकांनी मला अम्मानला दोन दिवसांच्या शिबिराला धाडलं होतं. विषय, भावनिक बुद्धिमत्ता. हाताखालच्यांची मनं ओळखून कसं वागावं, हे दाना नावाची एक तरुण बाई आम्हा वीस टकलू व्यवस्थापकांना शिकवत होती. समोरच्याची भावना ओळखा, तिला नाव द्या, मगच तोंड उघडा. परत आल्या आल्या मी फाटकावरच्या रखवालदारावर प्रयोग केला. म्हटलं, "तुला माझा राग आलाय." तो म्हणाला, "नाही हो साहेब, भूक लागलीये." सुरुवात म्हणून वाईट नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी रिहाबवर ओरडलो. रिहाब आमच्या कापणी विभागाची प्रमुख. शाळेच्या चारशे शर्टांच्या बाह्या दोन बोटं आखूड कापल्या गेल्या होत्या. मी साठ बायकांसमोर म्हणालो, "देवानं डोळे काय फक्त काजळ घालायला दिलेत का?" तिनं कात्री टेबलावर ठेवली (आपटली नाही, ठेवली, तेव्हाच मी घाबरायला हवं होतं) आणि घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी बाकीच्या वेळेवर आल्या, यंत्रांपाशी बसल्या आणि दिवसभर चहा पीत राहिल्या. शाळा उघडायला अठरा दिवस आणि सहा हजार शर्ट बाकी! मालक म्हणाले, "आठवडा संपेपर्यंत रिहाब टेबलापाशी दिसली नाही, तर रातिब, तू दुसरी खुर्ची बघ."

मी दानाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "जा आणि माफी मागा, इतकंच." इतकंच! ताई, आपल्यात कुणी असं एकटं उठून माफी मागायला जातं का? चार वडीलधारे गोळा करून मी रिहाबच्या घरी रीतसर जाहा नेली, भांडण मिटवायला किंवा मुलगी मागायला मोठ्यांना घेऊन जातात तशी. सगळ्यांच्या अंगात कोट, माझ्या हातात दोन किलो कनाफा मिठाई, आणि बोलायला पुढे अबू नाइफकाका. काकांनी आजवर साठेक लग्नं जुळवली आहेत आणि त्यांना भाषण एकच येतं. हे मला ठाऊक होतं. पण त्या गडबडीत त्याचा अर्थ काही माझ्या डोक्यात शिरला नाही.

कॉफी आली. रीतीप्रमाणे मागणं मान्य होईपर्यंत पेल्याला कुणी हात लावला नाही. रिहाबचे वडील, अबू फव्वाझ, भला माणूस. ते म्हणाले, "कॉफी घ्या मंडळी, जे मागायला आलात ते दिलं." इथं काकांनी फक्त आभार मानायचे होते. पण ते उठले, घसा साफ केला आणि सुरू झाले. मी कोट ओढला, त्यांना वाटलं मी गहिवरलोय. "...तुमच्या गुणी लेकीचा हात आमच्या मुलासाठी मागतो," इथपर्यंत ते न थांबता पोचले. लगेच सोयरीक पक्की करणारी फातिहाची प्रार्थना म्हटली गेली, आतून बायकांनी आनंदाचे चीत्कार केले, आणि अबू फव्वाझ डोळे पुसत म्हणाले, "पण मुलगा कोणता?" चौघांनीही माझ्याकडे पाहिलं. मला बायको आहे, तीन पोरं आहेत. बाकीच्या चौघांना नातवंडं. आपल्या घराण्यात लग्नाचा एकच मुलगा उरलाय. (ताई, उभी असलीस तर बस.) मी त्याचं नाव सांगितलं.

तेवढ्यात रिहाब चहाचा ट्रे घेऊन आली आणि माझ्यासमोर थांबली. हळूच म्हणाली, "साहेब, चार म्हातारे आणलेत, कनाफा आणलात, माझं लग्नपण लावून टाकलंत. एवढ्यात 'चुकलो' म्हणून झालं असतं."

मला फार लाज वाटली, ताई. कारण बाह्यांचं माप मीच चुकीचं लिहून दिलं होतं. कागद माझ्या खिशात होता, रविवारपासून. मी तो काढून तिला दिला आणि म्हटलं, "चूक माझी होती. सगळ्यांसमोर बोललो, उद्या सगळ्यांसमोरच कबूल करीन." तिनं कागद वाचला. म्हणाली, "माहीत होतं मला. उद्या सातला येते." आणि आलीसुद्धा. मीही बोललो, साठ बायकांसमोर, आवाज फाटला तरी.

तुझा,
रातिब

ता. क. – लग्नाला अर्थातच तिचा नकार आहे. पण चार वडीलधाऱ्यांचा शब्द असा वाऱ्यावर सोडता येत नाही. म्हणून मुलानं रीतीप्रमाणे पाहायला यावं, मग ती स्वतःच नाही म्हणेल. तेव्हा पुढच्या गुरुवारच्या बसनं मुहन्नदला नकार घ्यायला पाठव.

ता. क. २ – काल तिनं त्याचा फोटो मागितला. बराच वेळ पाहत होती. म्हणाली, "बघू." तर दाढी नीट करून पाठव.

ता. क. ३ – शिबिराचं प्रमाणपत्र आज आलं. 'दुसऱ्याच्या भावना समजून घेणे' यात शंभरपैकी चौऱ्याण्णव! मुहन्नदला काय वाटेल, हे मात्र विचारायचं राहूनच गेलं. तू विचार त्याला, आणि काहीही म्हणाला तरी बसमध्ये बसव.