दुखायची थांबलेली दाढ

माय,

अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. चौथीपर्यंतच्या शाळेत एवढंच येतं, आणि तुला तर तेवढंही वाचता येत नव्हतं, म्हणून भीड वाटत नाही. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात झाडलोट करते, दातांच्या खोलीत. डॉक्टर मॅडम माझ्या पोरीच्या वयाच्या. त्या पेशंटला सांगतात ते ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. पक्का दात मार लागून निघाला तर मुळाला हात लावायचा नाही, दुधात टाकून लगेच आणायचा. मागे एका आजीनं नातीचा दात राखेनं घासून चकचकीत करून आणला. "भांडं होय का ते?" म्हणून मी तिच्यावर खेकसले, तर मॅडम मलाच रागावल्या.

मागच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मी खोलीला कुलूप लावत होते, तेवढ्यात पोंभुर्ण्याकडची एक पोरगी आपल्या मायला धरून आली. मायचा गाल सुजलेला, हनुवटीखाली टणक झालेलं, तोंड बोटभरही उघडत नव्हतं. थुंकी गिळता येत नव्हती, ती पदराला पुसत होती. दोन वाजता या, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तो ओला पदर पाहिला आणि मी मॅडमला बोलवायला पळाले. त्या जेवण टाकून आल्या, बाईला टेकून बसवलं, सुई दिली अन् ॲम्बुलन्सनं चंद्रपूरला पाठवलं. "सूज गळ्यात उतरली की श्वास कोंडतो. अशात एक घडी थांबायचं नाही," म्हणाल्या. पोरगी रडत होती. "काल तर दुखणं थांबलं होतं वं बाई. मले वाटलं बरी झाली. कापूस वेचाले धाडलं मी तिले." तिला झापायला मी तोंड उघडलं आणि बंद केलं.

कारण माय, तुझीही दाढ अशीच थांबली होती. तेंदूपत्त्याचे दिवस. पहाटे जंगलातून पानं आणायची, दुपारी अंगणात पुडे बांधायचे. दोरीचं टोक दातात धरून तू गाठ ओढायचीस, माझ्या दुप्पट भराभर. त्या दिवशी तू हातानंच गाठी मारते आहेस, मधूनच गाल धरते आहेस, आणि मी चिडते आहे.

"दाढ लय दुखून राह्यली वं पोरी. मले दवाखान्यात ने ना."

"दातानं कोणी मरते का? पानं वाळून राह्यली इथी!"

तू दाढेत तंबाखू भरलीस. मी वीट तापवून, फडक्यात बांधून तुझा गाल शेकला. माझी माया तेवढीच. आता मॅडम सांगतात, अशा दाढेला बाहेरून शेक द्यायचाच नाही. तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, दुखत नाही. मला केवढं हायसं वाटलं! आतली नस मेली की दुखणं थांबतं, पू थांबत नाही, हे मला या नोकरीत कळलं. दोन दिवसांत तुझा गाल आणि मान एक झाली, आणि बैलगाडी गोंडपिपरीच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तुझा श्वास संपला.

बाबा तेव्हा पानं गोळा करतात त्या फळीवर, ठेकेदाराच्या तळावर, मुक्कामाला होता. आल्या आल्या त्यानं विचारलं, "तिनं काई सांगतलं नाई का वं?" मी म्हटलं, "नाई." तेव्हापासून तो तुझ्यावर रागावलेला आहे. अजूनही जेवताना म्हणतो, "तुही माय मोठी हट्टी. दुखलं तर सांगाव नाई का मानसानं?" तू सांगितलं होतंस, माय.

ती बाई वाचली. तिची पोरगी काल सांगून गेली. संध्याकाळी घरी जाताना मी ठरवलं, आज बाबाला खरं सांगायचं. त्याच्या पुढ्यात बसले. तो म्हणाला, "काऊन वं, का झालं?" मी म्हटलं, "काई नाई. वरण वाढू का अजून?" त्यानं ताट पुढे केलं.

हा कागद मी दवाखान्यातच, फिनाईलच्या कपाटात ठेवणार आहे. घरी नेणार नाही. बाबाला वाचता येतं.