अर्ध्या चालीचे दोन धनी

फुलचूर, गोंदिया
बुधवार, सकाळ

तीर्थस्वरूप उदाराम मामाजी यांच्या चरणी भाचा ओमेशचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचा डावा गुडघा, मामीजींची शुगर आणि गोठ्यातली ती मारकी गाय, या तिघांची तब्येत कशी आहे ते कळवावे. पत्र पाहून नवल वाटेल. आजच्या काळात पत्र कोण लिहिते? पण मी फोन केला की तुम्ही तो मामीजींच्या हातात देता आणि मामीजी म्हणतात, ते धानाच्या बांधीत गेले. तेव्हा मागून तुमचाच खोकला ऐकू येतो. (खोकल्याला औषध घ्या.) पत्र मात्र तुम्हाला स्वतःच वाचावं लागेल, कारण मामीजींचा चष्मा दुरुस्तीसाठी माझ्याकडे आहे. तो मी मुद्दाम अडवून ठेवला असं समजू नका. दुकानदारच टाळाटाळ करून राहिला.

तर, पिक्चरच्या पहिल्या शोला तुम्ही दोघं केशोरीहून एवढं लांब आलात, दुसऱ्या रांगेत बसलात आणि न जेवता निघून गेलात. त्याचा खुलासा करायचा आहे. पण मी मुळात संगीतकार कसा झालो हे सांगितल्याशिवाय खुलासा पुरा होणार नाही, म्हणून थोडं मागून घेतो.

आमचे निर्माते श्यामलाल सेठ राइस मिलवाले. कोणाच्या तरी लग्नात त्यांनी माझं कीबोर्ड ऐकलं आणि आपल्या झाडीबोलीतल्या पिक्चरचं पार्श्वसंगीत माझ्या गळ्यात टाकलं. पार्श्वसंगीत म्हणजे गाणं नव्हे, मामाजी. पडद्यावर कोणी रडत असलं की मागून जे वाजतं, ते. सेठनी साऊथच्या एका मोठ्या पिक्चरचं संगीत उचलून आमच्या पिक्चरच्या मागे आधीच चिकटवून ठेवलं होतं. मला म्हणाले, "हूबहू यही चाहिए. बस, पकड़ में नहीं आना चाहिए." (या धंद्यात याला चोरी म्हणत नाहीत, 'रेफरन्स' म्हणतात.) मी कामाला लागलो. व्हायोलिनच्या जागी बासरी टाकली, धावती चाल रांगती केली. मारामारीच्या जागी तर एक धून चक्क शेवटाकडून सुरुवातीकडे, उलटी वाजवली. मोठ्या अभिमानाने रेकॉर्डिंगवाल्याला ऐकवली. त्याने कान टवकारले आणि म्हणाला, ही तर अमक्या हिंदी पिक्चरची आहे! म्हणजे पहा, एका पिक्चरची चोरी लपवायला मी ती उलटी केली, तर ती दुसऱ्याच पिक्चरची चोरी झाली. असा तीन महिने खपलो. एवढ्या मेहनतीत माणूस स्वतःचं काहीतरी करून मोकळा झाला असता.

शेवटी अडलो ते एका जागी. पोरगी सासरी गेलेली आहे आणि तिचा बाप एस.टी. स्टँडवर एकटाच उभा आहे, हा तो प्रसंग. तिथे साऊथ चालेना, हिंदी चालेना, उलटं चालेना, सुलटं चालेना. बाप नुसता उभा आणि मागून माझा गोंगाट. कंटाळून मी सगळं काढून टाकलं आणि कीबोर्डवर बोटं ठेवून बसलो. आणि मामाजी, बोटांतून तुमची चाल निघाली. चिखलणीच्या वेळी बैलांमागे चालताना तुम्ही जी गुणगुणायचे ना, शब्द नसलेली, तीच. सुट्टीत केशोरीला आलो की मी पाण्याचा गडू घेऊन धुऱ्यावर, शेताच्या कडेला, उभा राहायचो आणि तुम्ही बांधीच्या त्या टोकाकडून माझ्याकडे ती गुणगुणत यायचे. मला वाटलं होतं विसरलो. बोटं विसरली नव्हती.

ती वाजल्यावर रेकॉर्डिंगवाला डोळे पुसू लागला. सेठनी विचारलं, "ये कहाँ से उठाया?" मी म्हणालो, "मेरा है." पूर्ण पिक्चरभर मी सेठना खरं सांगत होतो की हे मी बदललेलं आहे, पूर्वीचं राहिलेलं नाही. त्यांनी एकदाही विश्वास ठेवला नाही. हे एकच खोटं बोललो आणि त्यांनी मला मिठी मारली.

पुढचं तुम्ही पाहिलंच. त्या जागी अख्खं थिएटर हुंदके देत होतं, मामीजीही. तुम्ही मात्र माझ्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं, कौतुकाने पाहून राहिले. मग स्टेजवर बोलावून मला विचारलं की ही धून कशी सुचली, आणि मी (मला तेव्हाच कोणी खाली ओढायला हवं होतं) बोललो की धानाच्या लोंब्यांवरून वारा वाहत होता आणि ती माझ्या कानात आपोआप आली. तुम्ही उठलात. मी समजलो, बाथरूमला गेले. सत्काराचा नारळ घेऊन खाली उतरलो, तोवर तुम्ही दोघं स्टेशनवर पोचले होते.

तरीही माझे डोळे उघडले नाहीत. ते महिनाभराने उघडले, आमगावात. तिथल्या उमेंद्र नावाच्या संगीतकाराने आपल्या पिक्चरच्या ट्रेलरमध्ये हीच चाल घातली, नाव स्वतःचं टाकून! मी असा पेटलो की सांगता सोय नाही. कलावंताच्या काळजावर दरोडा, वगैरे शब्द जुळवत मोटरसायकलने त्याच्या घरी गेलो. त्याने शांतपणे खुर्ची दिली, हार्मोनियम पुढे सरकवली आणि म्हणाला, "बरं झालं आले, दादा. हे चाल पुढं कशी जाते, थे वाजवून दाखवा ना. मी पंधरा दिवसापासून अडून राहिलो."

मी पहिली ओळ वाजवली. पुन्हा पहिली ओळ वाजवली. मामाजी, पुढचं मला येतच नाही! तुम्ही माझ्याकडे येताना गुणगुणायचे ते ऐकू यायचं, पण बैल वळवून दुसऱ्या टोकाला जाताना जे गुणगुणायचे ते तुमच्या पाठीमागे, माझ्यापर्यंत पोचायचंच नाही. मी घाम पुसत काहीतरी जोडून वाजवलं. उमेंद्र म्हणाला, "हे तं साऊथचं हाये."

मग मी सगळं कबूल केलं. त्याने बोटांवर हिशेब केला आणि खुश होऊन म्हणाला, "म्हंजे मी तुमचं घेतलं, पण थे तुमचं होतंच नाही. मंग मी काहीच नाही केलं!" आम्ही चहा प्यायलो. दोघं धनी, अर्धीच चाल, आणि ती दोघांचीही नाही.

घरी आलो तर मामीजींचा फोन. त्या म्हणाल्या, "तुझे मामाजी त्या दिवसापासून गुणगुणतच नाही रे. एकदा शालीकरामच्या टपरीवर जरासे गुणगुणले, तं शालीकराम म्हणते, वा उदारामभाऊ, भाच्याच्या पिक्चरची चाल बराबर उचलली! घरी आले नं म्हणाले, आता थे चाल आपली नाही राहिली."

हे ऐकल्यापासून माझी झोप गेली. चोरी मी केली आणि चोर तुम्ही ठरलात, तेही स्वतःच्या चालीचे. मी सेठकडे जाऊन हट्टाने सांगितलं की पिक्चरमध्ये पाटी टाका, 'मूळ चाल : उदाराम कापगते, केशोरी'. सेठ घाबरले. म्हणाले, "एक का नाम डालेंगे तो पब्लिक पूछेगी, बाकी सब किसका है?" दोन तास भांडलो. शेवटी पाटी पडली. त्या एस.टी. स्टँडच्या प्रसंगावरच पडली आहे, मोठ्या अक्षरात. शालीकरामला तिचा फोटो पाठवला आहे. तो टपरीवर चिकटवतो म्हणाला.

माझं चुकलं, मामाजी. एकदा विचारलं असतं तर तुम्ही हसून दिली असती, हे मला ठाऊक होतं. तरी विचारलं नाही. तुम्ही बोला न बोला, पण गुणगुणा. एवढंच मागणं आहे.

तुमचा
ओमेश

ता. क. : एवढंच मागणं आहे असं वर लिहिलं, ते लिहिताना खरंच होतं. पण सेठनी पिक्चरचा दुसरा भाग जाहीर केला आहे आणि त्यात ही चाल पूर्ण पाहिजे. तेव्हा बैल वळवल्यानंतरचं अर्धं काय आहे, ते रविवारी येऊन ऐकीन म्हणतो. या वेळी विचारून घेतो आहे. नाही म्हणालात तरी चष्मा देऊन, जेवून परत जाईन.

आणखी एक : उमेंद्रला मी तुमचं नाव-गाव सांगून बसलो. तो शनिवारीच तिकडे निघणार असं कळतं. माणूस सज्जन आहे, त्याला चहा द्या, जेवू घाला, मुक्काम करू द्या. फक्त तो घरात असेपर्यंत, कृपा करून, गुणगुणू नका.