जांभळी पिशवी

शनिवार, संक्रांतीनंतरचा. फ्रिस्को.

दुपारी नीलिमाकडे हळदीकुंकू होतं. तिने वाण लुटलं ते पिशव्यांचं. घरात साठलेल्या ब्लाउजपीसच्या स्वतः शिवल्यात म्हणे. "एवढं प्लास्टिक कचऱ्यात जातं गं, तेवढंच कमी होईल." सगळ्या नुसत्या वेड्या झाल्या. जोशी काकूंनी तर तिला जवळच घेतलं. आणि मी इतकी वर्षं ग्रोसरीला कापडी पिशवी नेते, ते कुणाला कधी दिसलं नाही!

मला नेमकी जांभळी आली. बघताक्षणी ओळखली. हा ब्लाउजपीस मीच गेल्या वर्षी तिची ओटी भरताना खपवला होता, रंग आवडला नाही म्हणून. आता काठाचे बंद, आतून अस्तर... इतका छान कसा दिसतोय?

घरी येऊन शिवण ओढून पाहिली. उसवली नाही. तांदूळ भरून पाहिले. तरी नाही.

संध्याकाळी तीच घेऊन भाजीला गेले. काउंटरपाशी जोशी काकू! आता म्हणतील, "नीलिमाची ना?" जांभळी पर्समध्ये कोंबली आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा प्लास्टिकची पिशवी घेतली.

काकूंच्या हातात मात्र नीलिमाचीच होती.