तब्येतीच्या मंडळींचं शिबिर

परतूर,
कोजागरीनंतरचा सोमवार, २००३

तीर्थरूप नंदाक्कास,

धाकट्या धर्मराजाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, भावजींचा खोकला गेला का, म्हैस व्याली का, हे सविस्तर कळव. (म्हशीचं आधी कळवलंस तरी भावजी रागावणार नाहीत.) आम्ही इकडे खुशाल आहोत. आता खुशाल कशाला म्हणावं, याचाच इथे मोठा घोळ झाला, तो सांगतो.

आमच्याकडे लठ्ठपणा कमी करण्याचं सरकारी शिबिर झालं. डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या, नव्याच आलेल्या. त्यांनी भोंगेवाल्या रिक्षावाल्याला सांगितलं, जाड माणसांना बोलवा. चारचौघांत कुणाला जाड म्हणायला त्या बिचाऱ्याची जीभ वळेना. त्यानं आपल्या मनानं गावभर पुकारलं, "तब्येतीच्या मंडळींनी जरूर यावं!" आपल्याकडे तब्येतीचा माणूस म्हणजे अंगानं भरलेला, मानाचा माणूस, ते तुला सांगायला नको. मोंढ्याच्या बाजारातली झाडून सगळी भारदस्त मंडळी सत्कार आहे असं समजून इस्त्रीच्या कपड्यांत हजर. आमचे शेजारी रखमाजी तर फेटा बांधून आले. नर्सबाईंनी पोटाला टेप लावली तसे ते म्हणाले, "जरा ढिलं ठिवा बाई, आजकाल कपडा धुतला की आटून राह्यला."

मग डॉक्टरीणबाईंना कुणीतरी घाईघाईनं इथली भाषा शिकवली. त्या रखमाजींना गोड आवाजात म्हणाल्या, "आजोबा, तब्येत जरा कमी करा." रखमाजी उठले, फेटा सावरला नि म्हणाले, "बाई, दुश्मनालाबी आसं बोलू न्हाई." (घरी बायकोनं, साळूबाईंनी, त्यांची दृष्ट काढली म्हणे.)

मी पोट धरून हसलो, आणि मग माझा नंबर आला. बाईंनी छाती तपासली, तोंड गंभीर केलं नि मला जालन्याला पाठवलं. तिथे कळलं, हृदयाच्या नळीत चरबी साचली आहे. तेव्हापासून विचार करतो आहे. बाईंचं चुकलं नव्हतं, आणि आपलंही नाही. बहात्तरच्या दुष्काळात ज्यांनी घरची माणसं वाळताना पाहिली, त्यांनी अंगावर मूठभर मांस दिसलं की त्यालाच तब्येत म्हटलं. दुष्काळ कधीच सरला, पण आपण अजून त्याच भीतीनं ताटं भरतो. हे त्या बाईंना कोण समजावणार, नि रखमाजींना तरी कोण?

भावजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा
धर्मराज

ता. क. मी रोज पहाटे स्टेशनपर्यंत चालत जातो म्हणून तुझी भावजय शिवकन्या भलती खूश आहे. जातो बराबर. स्टेशनवर भजी फार गरम मिळतात. तिला कळवू नकोस.

आणखी ता. क. पत्र लिहायचं कारण निराळंच आहे. अक्का, मला भीती वाटते. दिवाळीला तुझ्याकडे येतो आहे. दुष्काळात तू सरकारी कामावर खडी फोडून यायचीस, तिथे खायला मिळालेली सुकडी माझ्या पुढ्यात ओतायचीस नि म्हणायचीस, "खा रे, मला भूक न्हाई." तेव्हापासून तुझ्या हातचं वाढलेलं मला कधी नाकारता आलं नाही, आणि यंदाही येणार नाही. म्हणून यंदा पुरे म्हणायचं काम तूच कर.