सुताराचा नवस

जळगाव, २ मार्च १९१२

तीर्थरूप आबांस अगाथाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पोचले. बाळंतपणाची परीक्षा मंगळवारी एकोणीस तारखेलाच आहे, हातांनी करून दाखवायची. ती वर्षातून एकदाच होते. यंदा बसले नाही, तर दवाखान्यातली शिकाऊ नर्सची जागा जाईल आणि मला देवपूरला परत यावे लागेल. तुम्हांला ते वाईट वाटणार नाही, हे मला ठाऊक आहे.

त्या दिवशी संत जोसेफचा सण, म्हणून काम चालत नाही, असे तुम्ही लिहिता. मी भुसावळच्या फादरांना विचारले. पोप पायस दहावे यांनी गेल्या वर्षी रविवार सोडून आठच सण सक्तीचे ठेवले. त्यांत हा नाही. सण राहिला आहे, काम बंद ठेवण्याची सक्ती गेली. ती सक्तीही मुळापासून नव्हती. पोप ग्रेगरी पंधरावे यांनी १६२१ साली ती घातली. एका पोपने घातली, दुसऱ्याने काढली.

तुमची पाठदुखी कशी आहे ते कळवावे. माया आहे तशी राहू द्यावी.

अगाथा

देवपूर, धुळे, ६ मार्च

येशू, मरिया, जोसेफ

चि. अगाथा हिस कौतिकचे अनेक आशीर्वाद.

पाठ दुखते, पण रंधा चालतो. तुझे पत्र चुडामण शिंप्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, कौतिकभाऊ, तुमना पोपनी कात्री मनी कात्रीपेक्षा मोठी शे.

पोपांच्या शब्दाबाहेर मी नाही. पण एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. तू पाच वर्षांची असताना प्लेगची गाठ आली. मी संत जोसेफला बोललो, पोर वाचली तर तुमच्या सणाला माझ्या घरात कुणी हत्याराला हात लावणार नाही. तोही सुतार, मीही सुतार. दोघांत झालेल्या बोलीत पोपांनी पडू नये. आणि तुझी कात्री, चिमटे ही बठ्ठी हत्यारेच.

परत आलीस तर भाकरी कमी पडणार नाही.

कौतिक

जळगाव, ९ मार्च

ति. आबांस शि. सा. नमस्कार.

नवस कळला. तो आधी सांगायला हवा होता. फादर म्हणतात, नवस बोलणाऱ्याला बांधतो, दुसऱ्याच्या हातांना नाही. तुम्हांला न कळवता मला परीक्षा देता आली असती. तसे केले नाही, एवढे ध्यानात घ्यावे. मी मंगळवारी बसणार आहे. रागवायचे असेल तर पत्रातून रागवावे, पत्रे थांबवू नयेत.

अगाथा

देवपूर, १४ मार्च

येशू, मरिया, जोसेफ

चि. अगाथास आशीर्वाद.

हेही पत्र वाचून दाखवले. चुडामण म्हणतो, पोरीला वकील करायला हवे होते. मी म्हटले, फी कोण देणार, तू?

पोर वाचावी म्हणून शब्द दिला. वाचलेली माणसे कामाला लागतातच. नवस माझा, मी पाळतो. मंगळवारी तुझ्या वाटणीचाही मीच हात बांधून बसेन. तू जा. कुणी घाई केली तरी घाई करू नकोस.

कौतिक

जळगाव, २३ मार्च

ति. आबांस अगाथाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पास झाले. असोद्याची एक बाई होती, मूल पायाळू. परीक्षक शेजारी उभे होते, त्यांना हात लावावा लागला नाही. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. एक एप्रिलपासून मी पगारी नर्स.

पुढल्या वर्षीच्या एकोणीस मार्चची रजा मी कालच मागितली. मोठ्या नर्सबाईंनी विचारले, तुमच्या धर्मात त्या दिवशी सक्ती आहे का. मी नाही म्हटले. मग नवस आहे का. माझा नाही, असे सांगितले. मग रजा कशाला, म्हणाल्या. मी अर्जावर सही करून तो त्यांच्यापुढे ठेवला.

रजा मिळाली आहे. धुळ्याला येईन. तोवर जीव लावून असावे.

अगाथा